एका विशेषणाची किंमत

मराठीच्या प्राध्यापकाकडे कोण कशासाठी येईल याचा नेम नाही. लग्नसराई आली की मंगलाष्टकं हवी असतात. शेजारचे अप्पा निवृत्त झाले की मानपत्र हवं असतं. सोसायटीच्या टाकीची सफाई निघाली तरी त्या सूचनेतले ऱ्हस्वदीर्घ तपासायला कागद आमच्याच दारी येतो. या सगळ्याबद्दल मला आजवर पुष्कळ नारळ मिळाले आहेत आणि आमच्या घरी त्यांची यथास्थित चटणीही झालेली आहे. परंतु वैद्यकीय नियतकालिकाकडे निघालेला एखादा शोधनिबंध माझ्या टेबलावर येऊन बसेल, असं भविष्य कुणी वर्तवलं असतं, तर त्या ज्योतिष्याला मी दक्षिणेवाचूनच परत पाठवला असता.

तो निबंध आला माझ्या भाचीमुळे. ती डॉक्टर आहे. एम. डी. झाल्यावर शहरातल्या चांगल्या जागा सोडून ती एका जिल्ह्याच्या गावी सरकारी इस्पितळात रुजू झाली, तेव्हा माझ्या ताईला महिनाभर अन्न गोड लागलं नव्हतं. त्या भागात पाऊस सुरू झाला की सर्पदंशाचे रुग्ण यायला लागतात. कुणाला भातलावणी करताना चावलेलं असतं, कुणाला गोठ्यात, कुणाला रात्री जमिनीवर निजलेलं असताना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही आपल्याकडची चार मातब्बर घराणी. त्यांतल्या घोणशीचं विष मूत्रपिंडांवर बेतण्याचा संभव मोठा. भाचीच्या मनात आलं, की साप चावल्यापासून प्रतिविषाचं इंजेक्शन मिळेपर्यंत किती तास गेले आणि पुढे मूत्रपिंडांचं काय झालं, हे नीट टिपून, मांडून पाहावं आणि ते छापावं.

“मामा, तू मला एक काम करून दे,” ती फोनवर म्हणाली.

“निबंध इंग्रजीत लिहायचा, विषय सापाचा. यात माझं काय काम?”

“निबंध इंग्रजीतच रे. पण ज्यांच्याबद्दल लिहायचाय ती माणसं मराठी बोलतात. त्यांना आधी विचारायला नको का?”

मग तिनं मला समजावून सांगितलं. माणसांवर केलेला अभ्यास कोणतंही प्रतिष्ठित नियतकालिक छापायला घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारतं, तो म्हणजे नीतिसमितीची परवानगी होती का? दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांत डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले, त्यांचा न्यायनिवाडा १९४७ साली न्यूरेंबर्गला झाला. १९६४ साली जगातल्या वैद्यक संघटनांनी हेलसिंकीला एक जाहीरनामा केला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत; त्यांची अलीकडची आवृत्ती २०१७ सालची. या सगळ्यांचं सार एवढंच, की रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असं सांगा, आणि तो ‘हो’ म्हणाला तरच पुढे जा. नीतिसमितीवर डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा एक जण आणि वैद्यकाशी संबंध नसलेलं एक साधं माणूसही असावं लागतं. म्हणजे शोधनिबंधाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. ती मराठीच्या तासाला होते. हे ऐकून मी थोडा ताठ बसलो, हे लपवत नाही.

एका रविवारी मी तिच्या गावी गेलो. इस्पितळातल्या एका सिस्टर मदतीला होत्या. रुग्णांशी बोलून माहिती टिपण्याचं काम त्याच करणार होत्या. समोर कुठल्याशा जुन्या कामातलं एक छापील संमतिपत्र होतं. त्याचं पहिलं वाक्य असं: ‘सदर अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नसून, याबाबतची संपूर्ण माहिती मला अवगत करून देण्यात आलेली आहे.’

सिस्टर म्हणाल्या, “सर, हे वाचून दाखवलं की माणूस विचारतो, जमीन लिहून घेताय का?”

मग आम्ही तिघं बसलो. ‘अभ्यास’ शब्द जाईना, कारण अभ्यास पोरं करतात. ‘प्रयोग’ म्हटलं तर म्हातारी माणसं उठून जातील. ‘संशोधन’ कानाला भारदस्त, पण अर्थाला पोकळ. शेवटी ‘साप चावलेल्या माणसांची माहिती आम्ही गोळा करत आहोत’ असं वाक्य ठरलं. ‘मूत्रपिंड’ मला प्रिय असलं तरी गावात सगळे ‘किडनी’च म्हणतात, तेव्हा किडनी. प्रश्नावलीत एक प्रश्न होता: ‘तुम्ही आधी मांत्रिकाकडे गेला होता का?’ सिस्टरांनी मान हलवली. “असं विचारलं तर कुणीच हो म्हणणार नाही. आम्ही रागावू असं वाटतं त्यांना.” त्या जागी ‘इथे येण्याआधी आणखी कुठे दाखवलंत का?’ असं घातलं. एक प्रश्न फिरवला की उत्तरं फिरतात, आणि उत्तरं फिरली की पुढचे सगळे कोष्टक आणि सगळी टक्केवारी फिरते. संख्याशास्त्राची इमारत अशा एका मराठी वाक्यावर उभी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

माहितीपत्रकाच्या तळाशी एक वाक्य होतं: ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही.’ समितीवरच्या वैद्यकाबाहेरच्या बाईंनी ते तळातून उचलून अगदी वर आणायला लावलं. त्यांचं बरोबर होतं. ज्याच्या पायाला सूज चढली आहे आणि ज्याची बायको बाहेर रडते आहे, त्याला कागदातलं दुसरं काही ऐकू येत नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा, असं ठरलं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. सिस्टर माहिती टिपत राहिल्या, भाची रक्ताचे आकडे जुळवत राहिली. मग एके दिवशी ती चार दिवसांची रजा काढून आमच्याकडे आली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. सौभाग्यवतींनी आमटीचं भांडं कुठे ठेवायचं असं दोनदा विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यामुळे खिडकीत ठेवलं.

वैद्यकीय निबंधाची रचना ठरलेली असते: प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग ठरलेले असतात तशी. प्रश्न काय आहे ते प्रस्तावनेत. काय केलं ते पद्धतीत. काय आढळलं ते निष्पत्तीत. आणि त्याचा अर्थ काय, ते शेवटी चर्चेत. निष्पत्तीत अर्थ सांगायचा नाही आणि चर्चेत नवा आकडा आणायचा नाही. सोवळंओवळं मोठं कडक. गंमत अशी, की वाचायचा क्रम हा असला तरी लिहायचा क्रम वेगळा. जाणते लोक आधी पद्धती लिहितात, कारण ती घडून गेलेली असते आणि तिच्यात बदल करता येत नाही. मग कोष्टकं आणि निष्पत्ती, मग चर्चा, आणि सगळ्यांत शेवटी गोषवारा, जो छापताना सगळ्यांत आधी येतो. बहुतेक ठिकाणी गोषवाऱ्याला अडीचशे शब्दांच्या आसपास जागा मिळते. दोन पावसाळे अडीचशे शब्दांत.

पद्धतीचा भाग मला फार आवडला. त्यात ‘चवीपुरतं मीठ’ चालत नाही. किती वयाचे रुग्ण घेतले, कोणाला वगळलं, रक्त कधी काढलं, मूत्रपिंडाला इजा झाली असं कोणत्या मापानं ठरवलं, सगळं इतकं स्पष्ट, की दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरला तसंच्या तसं करून पाहता यावं. अशा निरीक्षणाच्या अभ्यासांसाठी बावीस कलमांची एक यादीच २००७ सालापासून आहे. एकेक कलम निबंधात कुठे आलं, ते पान लिहून दाखवायचं. आम्ही वाङ्‌मयाचे प्राध्यापक ‘कवीची प्रतिभा येथे उत्तुंग झेप घेते’ असं लिहून मोकळे होतो. झेप किती फूट, हे आजवर आम्हांला कुणी विचारलेलं नाही.

संदर्भांचाही एक मजेदार इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची मांडणीची तऱ्हा निराळी. एकाकडून निबंध परत आला की दुसऱ्यासाठी तो पुन्हा टंकलिखित करावा लागे. १९७८ साली काही संपादक कॅनडात व्हँकूव्हरला जमले आणि त्यांनी एक समान रीत ठरवली. ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमानं आकडे देण्याच्या पद्धतीला त्या गावाचं नाव चिकटलं. त्या बैठकीतून संपादकांची जी समिती वाढली, तिनं पुढे एका नाजूक प्रश्नालाही हात घातला: लेखक कोणाला म्हणायचं?

हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावरही आला. इस्पितळातल्या एका वरिष्ठांनी ‘माझं नाव घाल’ असं भाचीला सहज सांगितलं होतं. त्यांनी या कामातला एकही कागद पाहिलेला नव्हता. सिस्टरांचं नाव मात्र कुणाच्या डोक्यातच नव्हतं. फार तर शेवटी आभारात.

संपादकांच्या समितीच्या चार अटी आहेत आणि चारही पाळाव्या लागतात. कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा तो चिकित्सेनं सुधारण्यात हात हवा. छापायच्या शेवटच्या मसुद्याला संमती हवी. आणि चौथी अट, जी २०१३ साली जोडली गेली: निबंधातल्या कोणत्याही भागाबद्दल शंका निघाली तर तिची तड लावण्याची जबाबदारी घ्यायला हवी. पहिली अट ज्यांनी पुरी केली आहे त्यांना बाकीच्या तीन पुऱ्या करण्याची संधी नाकारू नये, असंही ही समिती सांगते.

“मग उघड आहे,” मी म्हणालो.

“तुला उघड आहे, मामा. मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय.”

ती खरीच कात्रीत होती. तिची पुढची बदली, शिफारस, रजा, सगळं त्या एका सहीखाली होतं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचं नाव आधी घालायची रीत लग्नपत्रिकेत शोभते. पण शोधनिबंधातलं नाव हा मान नसतो, तो जामीन असतो. उद्या आकडा खोटा निघाला तर त्या नावाला जाब विचारला जातो. भाचीनं शेवटी भांडण केलं नाही. नियतकालिकाच्या नमुन्यात प्रत्येक लेखकानं काय काम केलं ते लिहायचा एक रकाना असतो. तो कागद घेऊन ती वरिष्ठांकडे गेली आणि म्हणाली, “सर, तुमच्या नावापुढे काय लिहू?” कागद आठ दिवस त्यांच्याकडे राहिला. नवव्या दिवशी तो परत आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं आपलं नाव खोडलेलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या खोलीतला चहा तिच्या वाट्याला आला नाही.

आणि सिस्टरांच्या नावासाठी तिनं दुसऱ्या अटीचा रस्ता धरला. दोन संध्याकाळी सिस्टरांना शेजारी बसवून तिनं तो इंग्रजी मसुदा वाक्यावाक्यानं मराठीत सांगितला. दुसऱ्या संध्याकाळी, निष्कर्षाचं वाक्य ऐकून सिस्टर थांबल्या. वाक्याचा अर्थ असा होता, की सर्पदंश झालेल्या रुग्णांत उशिरा उपचार मिळालेल्यांच्या मूत्रपिंडांना इजा अधिक.

“मॅडम,” सिस्टर म्हणाल्या, “जे वाटेतच गेले, त्यांचं काय?”

भाचीनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. इस्पितळाच्या वहीत नाव येतं ते इस्पितळाच्या दारातून आत आलेल्याचं. जो बैलगाडीत, जीपमध्ये किंवा अंगणातच गेला, तो तिच्या कोष्टकात नव्हता. ‘फार उशिरा’ आलेले म्हणून जे तिनं मोजले होते, ते खरं तर उशीर होऊनही जगलेले होते. सगळ्यांत मोठा उशीर झालेले आलेच नव्हते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत असं दिसलं होतं, की २००५ या एका वर्षात भारतात सर्पदंशानं सुमारे ४६ हजार मृत्यू झाले असावेत, आणि दर चार मृत्यूंपैकी सुमारे तीन इस्पितळाबाहेरचे होते. ज्या इस्पितळातून सांपत्तिक स्थितीचा, वयाचा, गावाचा इतका बारकाईनं हिशेब ठेवला, तिथे चारांतले तीन हिशेबाबाहेर.

आता ती माणसं मोजायला मागे जाणं शक्य नव्हतं. पण वाक्यात एक शब्द घालणं शक्य होतं. ‘सर्पदंश झालेल्या रुग्णांत’ या जागी ‘सर्पदंशानंतर इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांत’ असं झालं. शीर्षकात, गोषवाऱ्यात आणि निष्कर्षात, तिन्हीकडे. आमच्या व्याकरणात ‘दाखल झालेल्या’ याला धातुसाधित विशेषण म्हणतात. दरवर्षी मी ते फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी मागच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेर बघतात.

असं एक विशेषण गळलं की काय होतं, याची एक हकीकत भाचीनं मला सांगितली. मी नंतर ती वाचूनही काढली. १९८० सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात बॉस्टनच्या जेन पोर्टर आणि डॉ. हर्शेल जिक यांचं एक छोटं पत्र छापून आलं. अवघी पाच वाक्यं. इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्यांतल्या ११,८८२ रुग्णांना अफूच्या जातीची वेदनाशामकं निदान एकदा दिली गेली होती, आणि व्यसन जडल्याची नीट नोंद फक्त चौघांची मिळाली. पत्रात ‘इस्पितळात दाखल’ हे शब्द होते. पण पत्राच्या मथळ्यात ते नव्हते. मथळा नुसता, अशी औषधं दिलेल्या रुग्णांत व्यसन विरळा, एवढाच.

पुढे लोकांनी मथळा घेतला आणि पत्र सोडलं. इस्पितळात, नर्सच्या नजरेखाली, थोडे दिवस औषध घेणाऱ्याबद्दलची गोष्ट, घरी महिनोन् महिने गोळ्या खाणाऱ्याला लागू झाली. २०१७ साली कॅनडातल्या काही संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा त्या पत्राचा हवाला ६०८ ठिकाणी दिलेला सापडला; आणि त्यांतल्या दर पाचांपैकी चौघांनी, ते रुग्ण इस्पितळात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. तोवर अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनानं लाखो माणसं मेली होती. त्या सगळ्याला हे पत्रच कारणीभूत, असं म्हणता येणार नाही; औषधविक्रीचा लोभ आणि इतर पुष्कळ गोष्टी त्यात होत्या. पण त्या नियतकालिकानं पुढे त्या जुन्या पत्रावर वाचकांसाठी सावधगिरीची टीप जोडली. एक विशेषण परत जागेवर बसवायला सदतीस वर्षं लागली.

निबंध पाठवायची वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं, पाकिटात घालायचा आणि तिकीट लावायचं. तसं काही राहिलेलं नाही. संगणकावरच्या दारातून एकेक कागद आत सोडायचा: लेखकांची नावं असलेलं पान वेगळं, नावं नसलेला निबंध वेगळा, कोष्टकं वेगळी. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी ही काळजी घेतात. सोबत संपादकांना एक पत्र, की हा निबंध दुसरीकडे छापलेला नाही आणि आत्ता दुसरीकडे दिलेलाही नाही. एका वेळी एकच स्थळ पाहायचं, हा नियम लग्नात कुणी पाळत नाही; इथे पाळावाच लागतो. शिवाय लेखकांपैकी कुणाचे कुठे पैशाचे हितसंबंध आहेत का, तेही सांगायचं. सिस्टरांनी तिथे ‘पतपेढीचं कर्ज आहे’ असं सांगितलं. ते लिहावं लागलं नाही.

पहिल्या, परदेशी नियतकालिकाकडून आठ दिवसांत ‘साभार परत’ आलं. ही चिठ्ठी मराठी लेखकाच्या चांगल्या ओळखीची असल्यामुळे तिचं सांत्वन करायला मी योग्य माणूस होतो. त्याच सुमारास दुसरीकडून गोड पत्रंही येत होती. ‘आपल्या थोर विद्वत्तेनं आम्ही भारावलो आहोत, पैसे भरा, निबंध लगेच छापू.’ असलं एक पत्र मलाही आलं होतं; हृदयरोगावरच्या नियतकालिकाचं. माझ्या विद्वत्तेनं भारावणारं माणूस घरात मिळत नाही, ते हृदयरोगवाल्यांत मिळावं याचं सौभाग्यवतींना फार हसू आलं. जो परीक्षा न घेता पास करतो त्याची पदवी घेऊ नये, एवढं मास्तराला कळतं. भाचीलाही कळत होतं.

धीर द्यायला तिच्यापुढे एक उदाहरण होतं आणि ते आपल्या कोकणातलं होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, तिथे डोळ्यांदेखत जात. भारुडातला विंचू आम्ही मराठीवाले टाळांच्या तालावर ऐकतो. बावस्करांनी तो खाटेशेजारी बसून पाहिला, लक्षणं तासातासाला टिपली, आणि १९८२ साली त्यांचा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशावर वापरलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्याबरोबर ७० रुग्णांवर त्यांनी केलेली पाहणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो, असं तीत दिसलं. त्या निबंधाचं शीर्षक वाचावं. कोणती दोन औषधं ताडून पाहिली, कोणत्या जातीचा विंचू, कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठ्यांसारखं दैवावर सोडून ठरवलं होतं, आणि ते रुग्णाला व डॉक्टरला उघड माहीत होतं, हे सगळं शीर्षकातच. कानाला गोड अजिबात नाही. पण त्या शीर्षकातून कुणाला काही वाढवूनही घेता येत नाही.

भाचीनं निबंध आपल्याच देशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला. चार महिन्यांनी दोन परीक्षकांची मतं आली. हे परीक्षक बहुधा निनावी असतात आणि बहुधा बिनमोबदला काम करतात. आमच्या विद्यापीठात निदान भत्ता तरी मिळतो. एकानं विचारलं, किती जणांनी नकार दिला ते लिहा. दुसऱ्यानं एका शब्दावर बोट ठेवलं. चर्चेत एके ठिकाणी ‘उशिरामुळे’ असा अर्थ येत होता. त्याचं म्हणणं, उशीर आणि इजा बरोबर दिसल्या, एवढंच तुम्ही पाहिलं आहे. उशिरा येणारा लांबच्या पाड्यावरचा असेल, गरीब असेल, त्याला चावलेला साप मोठा असेल. तेव्हा ‘मुळे’ काढा, ‘संबंध आढळला’ म्हणा. मराठीतलं एक शब्दयोगी अव्यय परीक्षकानं इंग्रजीतून हाणून पाडलं, आणि मला ते मनापासून पटलं. कारण ‘मुळे’ म्हटलं की दोष त्या उशिरा आलेल्या माणसावर जातो. ‘संबंध’ म्हटलं की रस्ता, गाडी, औषधाचा साठा, सगळ्यांकडे बघावं लागतं.

प्रत्येक आक्षेपाला एकेक उत्तर लिहून, कोणत्या पानावर काय बदललं ते दाखवून, निबंध परत गेला. रुग्णांना प्रश्न कसे विचारले तेही परीक्षकांना पाहायचं होतं, म्हणून आमचं मराठी माहितीपत्रक पुरवणी म्हणून जोडलं. निबंध छापून आला तेव्हा लेखकांत सिस्टरांचं नाव होतं. आभारांत माझं होतं. आभार मानायलासुद्धा माणसाची परवानगी घ्यायची रीत आहे, ती भाचीनं पाळली होती. सिस्टरांनी छापील पानावर आपलं नाव बोटानं दोनदा पुसल्यासारखं केलं आणि मग शीर्षक वाचलं. ‘इस्पितळात दाखल झालेल्या’ या शब्दांवर त्या थांबल्या.

“हे ठीक झालं,” त्या म्हणाल्या. “पण त्या दुसऱ्यांचं कुठे लिहिणार?”

भाची आता तेच करायच्या मागे आहे. मृत्यू इस्पितळाबाहेर झाला असेल तर घरच्या माणसांना भेटून, विचारून, तो कसा झाला हे ठरवायची एक रीत आहे. त्या देशव्यापी पाहणीतही तीच वापरली होती. तिला तालुक्यातल्या गावांत तसं फिरायचं आहे. समितीपुढे अर्ज गेला आहे आणि माहितीपत्रकाचं मराठी पुन्हा माझ्याकडे आलं आहे. मागच्या वेळचं पहिलं वाक्य इथे चालणार नाही. ज्याच्याबद्दल विचारायचं तो घरात नाही, आणि दार उघडणारी त्याची आई असेल. ‘मयत’ हा शब्द सरकारी, ‘दिवंगत’ सभेतला, ‘वारलेल्या’ बरा, पण अनोळखी माणसाच्या तोंडी तो दारातच टोचेल. सिस्टर म्हणतात, आधी त्याचं नाव घ्यावं आणि मग थोडं थांबावं. तेवढं मी लिहून ठेवलं आहे. पुढचे शब्द आम्ही शोधतो आहोत.